डोहाची राखणदार अंबूबाई

अंबूबाई गेली तेव्हा गाव म्हणालं, बाई भली होती. खोटारडे! पस्तीस साली याच गावानं तिच्याकडून डोहाची राखण काढून घेतली होती.

लोणावळ्याखाली इंद्रायणीला मिळणाऱ्या आमच्या ओढ्यात हा डोह. त्यात हातभर लांबीचे खडस मासे होते. ते देवाचे, कुणी धरायचे नाहीत. नवऱ्यामागं राखण अंबूबाईकडे आली. कुणाची म्हैस व्याली की पहिला चीक आधी डोहात, मग घरात खरवस. तो चीक ओतायचा मान तिचा.

मग गुरांच्या खात्याचे एक साहेब आले, दक्षिण आफ्रिकेत शिकलेले. म्हणाले, चीक वासराला पाजा. बरोबरच होतं ते. अंबूबाईनं सगळ्यांत आधी ऐकलं, डोहाचा चीक थांबवला आणि त्या वर्षी रेडकं जगली. साहेबांनी ओढ्याकाठी हौदही बांधला. सोमलाचं विष कालवलेल्या पाण्यातून गुरं पोहवत न्यायची, म्हणजे गोचिडी मरतात. मेल्याही. पण पावसाळ्याआधी हौद धुवायला बूच काढलं आणि सगळं पाणी ओढ्यात सोडलं. सकाळी डोहभर मासे पोट वर करून तरंगत होते.

मोकळा हौद समोर दिसत असताना गावानं ठरवलं, चीक थांबवला म्हणून देव कोपला, दोष अंबूबाईचा. मी कॉलेजातून सुट्टीला आले होते. चावडीवर जाऊन भांडले. शिकलेल्या पोरींनी देवाधर्मात पडू नये, असं मला ऐकवून पंचांतल्या दत्तोबानं राखण स्वतःकडे घेतली.

अंबूबाईला घेऊन मी साहेबांकडे गेले.

"ते मासे तुम्ही खात नव्हता," ते शांतपणे म्हणाले. "मग नुकसान कसलं?"

"खात न्हवतो म्हून तर होते, सायेब," अंबूबाई म्हणाली.

साहेब हसले आणि स्वतःपुरता चहा मागवला.

पुढल्या वर्षी हौद उपसायच्या दिवशी ती जाऊन मोरीच्या बुचाला पाठ लावून बसली. शिपायानं दटावलं. दत्तोबा म्हणाला, "मावशे, आता कुणाला राखतीस? डोह तर मोकळा हाय."

"खाली इंद्रायणी हाय की."

दिवसभर हलली नाही. शेवटी लांब माळावर खड्डा खणून पाणी बादल्यांनी तिकडं न्यावं लागलं.

राखणीचा मान अजून दत्तोबाच्या घरात आहे. म्हैस व्याली की चीक डोहात ओततात, रेडकू बघत उभं असतं. डोहात आता बेडूक आहेत. तेच पीत असतील.