कालव्यापलीकडची हाक

भवानीनगरच्या कारखान्याचा भोंगा आणि बानूबाईची हाक, ही दोन्ही ज्याला ऐकू येत नाहीत त्यानं सरळ बारामतीला कानाच्या डॉक्टरकडे जावं, असं तिचा नवरा तात्याबाच म्हणायचा. तरुणपणी मेंढरांमागं माळ तुडवताना हा आवाज कमावलेला. पुढं मेंढरं गेली, कालव्याकाठी ऊस आला, आवाज मात्र होता तेवढाच राहिला. तो वाया जाऊ नये म्हणूनच की काय, कालव्याच्या पलीकडे शकुबाई राहत होती.

शकुबाई तिच्या माहेरची मैत्रीण. पूल लांब आणि दोघींचे गुडघे सारखेच कुरकुरणारे. म्हणून रोज दिवेलागणीला शकुबाई पलीकडून हाक मारायची आणि दोघी आपापल्या काठावर उभ्या राहून बोलायच्या. कालवण काय केलं, सून काय म्हणाली, सगळं. सुनेबद्दलसुद्धा ओरडूनच बोलावं लागे. कुजबुजायचं तर कालवा ओलांडायला हवा होता.

अठ्ठ्याण्णव साली बानूबाईच्या परड्याला लागून मोबाइलचा टॉवर उभा राहिला. वस्तीवर मोबाइल एकाकडेही नव्हता, पण टॉवर होता. वीजजोड मिळेना म्हणून त्याच्या बुडाशी डिझेलचा जनरेटर बसवला. तो रात्रंदिवस धडधडू लागला आणि शकुबाईची हाक ऐकू येईनाशी झाली.

पण यात एक गोम होती. जनरेटर सुरू झाला त्याच्या आदल्याच संध्याकाळी दोघींचं वाजलं होतं. बानूबाईची खुडूक कोंबडी शकुबाईनं अंड्यांवर बसवायला नेली आणि पिल्लं निघाली दोनच. "तुज्या हातालाच यश न्हाय, शके!" असं बानूबाई म्हणाली, आणि ते अर्ध्या शिवारानं ऐकलं. मग आता हाक येत नाही ती जनरेटरमुळं, की शकी रुसली म्हणून? हा प्रश्न बानूबाईला आतून कुरतडत होता. आपण हाक मारावी तर, "मी का म्हून आदी?" त्यापेक्षा जनरेटर हलवा म्हणून टॉवरच्या कंपनीकडे अर्ज करणं सोपं होतं. टॉवरच्या लहरींनी अंडी नासतात असंही तिनं अर्जात लिहायला लावलं. अंडी टॉवर सुरू होण्याआधीच नासली होती, एवढी बारीकशी अडचण तिनं कुणाला सांगितली नाही.

पुण्याहून कुलथे नावाचे साहेब दोन यंत्रं घेऊन भर दुपारी आले. लहरींचं यंत्र त्यांनी ओसरीवर, परड्यात, खुराड्यापाशी फिरवलं.

"आजी, लहरी मर्यादेच्या खूप खाली आहेत."

"मग अंडी?"

"अंड्यांचं यंत्र माझ्याकडे नाही. आता आवाज मोजू. एकदा जनरेटर चालू ठेवून, एकदा बंद करून. फरक जास्त आला तर जनरेटर इथून हलवायला लावतो. पण बंद असताना कुणी चकार शब्द काढायचा नाही."

बंद करून! बानूबाईचे डोळे चमकले.

"घाई काय हाय? च्या घ्या."

चहा झाला, शेंगा झाल्या, पुन्हा चहा झाला. "अगं, सायबाला एष्टी गाठायची हाय," तात्याबा म्हणाला. "जेवून जात्याल," ती म्हणाली आणि सूर्य बुडेपर्यंत साहेबांना तिनं उठू दिलं नाही.

जनरेटर चालू असताना आवाजाच्या यंत्राचा आकडा बासष्ट डेसिबलला होता. मग साहेबांनी जनरेटरवाल्या दत्तोबाला खूण केली आणि धडधड थांबली. बानूबाई तोंडात पदर कोंबून कालव्याकडे बघत होती. आता फरक किती पडतो याच्याशी तिला देणंघेणं उरलं नव्हतं. हाक आलीच नाही तर शकी खरंच रुसली, आणि दोष आपल्या जिभेचा. आकडा उतरू लागला.

पलीकडून आवाज आला. बारीक, थकलेला, रोजचाच.

"बाने... हायस का गं?"

तात्याबानं तिचा दंड धरला. "गप. मोजत्यात."

"हाय गं शके!"

यंत्रावरचा आकडा जनरेटरलाही मागं टाकून गेला. कुलथ्यांनी कपाळाला हात लावला.

"मग बोलत का न्हाईस?" शकुबाई ओरडली. "रोज हाक मारतीया मी! म्हनलं, कोंबडीपायी अजून राग हाय तुजा!"

बानूबाईनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. सगळा माळ ऐकायचा तो आवाज नेमका आत्ता कुठं गेला कोण जाणे. ती तशीच उभी राहून मुकाट रडत होती. एवढी मोठी बाई इतक्या गुपचूप रडताना तात्याबानं जन्मात पाहिली नव्हती.

कुलथ्यांनी यंत्राकडे पाहिलं. आकडा चाळिशीपर्यंत उतरला होता. त्यांनी तो घाईघाईनं टिपून घेतला.

"बाने!" कालव्यापलीकडून हाक आली. "पुन्ना रुसलीस व्हय गं?"