चौथ्या नंबरची मिसळ

माझं लग्न मोडायला एक मिसळ पुरेशी होती. तालमीच्या पोरांनी पाच मांडल्या.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या शिवाजी पेठेत तेव्हा ज्याला त्याला महोत्सव भरवायची उबळ आली होती. आमच्या तालमीनं मिसळ महोत्सव काढला. पेठेतली पाच हॉटेलं एका मांडवात आणायची, लोकांनी चाखत फिरायचं आणि शेवटी परीक्षकानं स्टेजवर पाचही मिसळी खाऊन पहिला नंबर जाहीर करायचा. परीक्षक मी. कारण बाकीच्यांना एवढं तिखट सोसत नव्हतं आणि ज्यांना सोसत होतं त्यांची स्वतःचीच हॉटेलं होती. शिवाय माझी कीर्ती! डोळ्याला पट्टी बांधा, मिसळीचा तो लालभडक कट नुसता जिभेला लावा. हॉटेल कुठलं, चुलीचं तोंड कुणीकडं आणि आचारी सकाळी बायकोशी भांडून आलाय का, सगळं सांगतो, असं पेठेत बोललं जायचं. (बोलणारा मीच. प्रत्यक्षात मला दोनच चवी कळायच्या, तिखट आणि गार.)

अडचण एवढीच होती की पाचांतलं एक हॉटेल आप्पांचं होतं. आप्पा म्हणजे माझे होणारे सासरे. त्यांच्या सुनंदाशी माझी सुपारी फुटली होती, तारीख काढायची बाकी होती. आप्पा भर रस्त्यात मला ‘जावईबापू’ म्हणून हाक मारायचे आणि मी उगीचच छाती काढून चालायचो. महोत्सवाच्या सकाळी आईनं चहा पुढ्यात आदळला आणि म्हणाली, “सासऱ्याला दुसरा नंबर दिलास तर पोरगी गेली म्हणून समज. आनि मग घरला यिऊ नगंस.”

मी पहिला नंबर द्यायला एका पायावर तयार होतो. पण कुणाला? वाट्यांवर नावं नव्हती, नुसते नंबर!

मग मी डोकं लढवलं. (घरातले अजूनही त्या दिवसाचा विषय निघाला की इथंच थांबून हसून घेतात.) दिल्याला, म्हणजे माझ्या जिवलग मित्राला, तालमीमागं गाठलं, अंबाबाईची शपथ घातली आणि आप्पांकडं निरोप धाडला: तुमच्या वाटीत कांद्यावर कढीपत्त्याचं एक पान खोचा, पुढचं मी बघतो. दिल्या तासाभरानं आला. आप्पांचं हॉटेल पाच मिनिटांवर आहे, तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

“काय म्हणालं आप्पा?”

“काय न्हाय. नुसतं बघितलं माझ्याकडं.”

“मग कळलं त्यास्नी,” मी म्हणालो. शहाण्या माणसाला जास्त बोलावं लागत नाही, असा माझा समज होता.

संध्याकाळी मांडवात मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढच्या रांगेत आप्पा मिशीला पीळ देत बसलेले, बायकांच्या बाजूला आई, तिच्यापासून चार बायका सोडून सुनंदा. मी स्टेजवर गेलो. वाटी नंबर एकवरचं फडकं उचललं. कांद्यावर कढीपत्त्याचं पान, ताठ उभं! माझा जीव भांड्यात पडला. दोन घास खाल्ले, आप्पांकडं बघून हळूच मान हलवली. आप्पांनी मान हलवली नाही.

नंबर दोनचं फडकं उचललं. पान.

आता मात्र मानेवरून घाम निघाला. (तो तिखटाचा, असं समजून पुढच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या.) नंबर तीन. दोन पानं! एवढी हौस! चौथीत पानच नाही. पाचवीत तर कढीपत्त्याची अख्खी फांदी, झाड लावल्यासारखी. मी दिल्याकडं बघितलं. दिल्या मांडवाचे बांबू मोजत होता. बेट्यानं आधी केशकर्तनालयात दाढी केली होती आणि तिथं फक्त एकालाच सांगितलं होतं, तेही शपथ घालून.

जीभ तर पहिल्याच वाटीत गेली होती. हातात माईक आला, लोक ओरडायला लागले. चार वाट्यांतली आप्पांची कुठली, देव जाणे. छातीठोक सांगता येईल अशी गोष्ट एकच होती, चौथी आप्पांची नाही. मग बोलायचं तर तिच्यावरच बोलावं म्हटलं. तोवर काहीतरी सुचेल!

“मंडळी, ही चौथी बघा,” मी सुरू केलं. “ह्या कटाला राग म्हणून न्हाय, नुसतं लाजल्यागत हुतंय. मटकी अजून बाजारातच हाय. ही खाऊन माणूस घाम पुसत न्हाय, डोळं पुसतोय. जेनं केली तेनं उद्यापास्नं चपला विकाव्यात.”

मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. हशा बघून मी आणखी वाहवलो आणि त्याच झोकात, ज्याची फांदी मोठी त्याची मिसळ मोठी असा हिशेब करून पाचवीला पहिला नंबर देऊन टाकला.

मग पोरांनी नावं वाचली. चौथ्या वाटीवर आप्पांचं नाव आलं आणि हशा असा थांबला की मागच्या चुलीवरचा कट रटरटताना ऐकू यायला लागला. आप्पा उठले. सावकाश स्टेजपाशी आले.

“पावणं,” ते म्हणाले.

जावईबापूचा पावणं झाला तिथंच माझं अर्धं लग्न मोडलं.

“मी पान खोचून नंबर घेत न्हाय. चपलंचं दुकान घालतो म्हणं उद्यापास्नं. तुमचा पाय किती नंबरचा?”

आईनं पदर तोंडावर ओढला. आप्पा तिच्याकडं वळले, सुपारी मोडली म्हणून सांगणार, एवढ्यात सुनंदा उठून पुढं आली.

“आप्पा, थांबा की. आजची मिसळ मी केली हुती. मला इचारू दे.”

म्हणजे वाभाडे सासऱ्याचे नव्हे, बायकोचेच काढले होते! ती माझ्यासमोर उभी राहिली, थेट डोळ्यांत बघत.

“तुम्हाला चव कळती?”

“कळती की,” मी म्हणालो. माईक चालूच होता.

“पानाचा निरोप तुम्ही धाडला?”

“न्हाय. कसलं पान?”

मांडवातल्या पोराटोरांनासुद्धा माझे कान तापलेल्या तव्यासारखे लाल झालेले दिसले. आवाज तर असा चिरकला की कर्ण्यानंही शिट्टी मारली. सुनंदा खुदकन हसली आणि बापाकडं वळली.

“आप्पा, तारीख काढा. खोटं बोललं की लगीच घावतंय हे माणूस. असला नवरा पेठंत दुसरा घावायचा न्हाय.”

आप्पांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि पोरीचं म्हणणं पटल्यासारखी मान हलवली.

लोकांना शिक्षण, नोकरी, घरदार बघून मुलगी देतात. मला मात्र ती, ह्याला खोटं पचवायचीसुद्धा अक्कल नाही, एवढ्या एका खात्रीवर मिळाली; आणि ती खात्री मी भर मांडवात, माईकवरून, स्वतःच पटवून दिली होती!