वीतभर नळी

बलूतदऱ्यात कुणालाही बंदूक घ्यायची झाली की आधी खोदाकरमला बोलवायचं, अशी पद्धत पडली होती. ती पाडली कुणी? खोदाकरमनेच. आयुष्यात त्याच्या हातून एक रानबोकड पडला नव्हता, तितरसुद्धा नाही. पण चहाचा पेला समोर आला आणि साखरेचा खडा दाढेखाली गेला, की बंदुकीच्या नळीवर तो असा काही बोलायला लागायचा, की खऱ्या शिकाऱ्यांनी माना खाली घालून ऐकत बसावं.

त्या डोंगरात बंदुकीला बर्नो म्हणतात. बर्नो दोन तऱ्हेची, लांब आणि आखूड. दोन्हींत काडतूस तेच, घोडा तोच. फरक फक्त नळीचा, आणि तोही जेमतेम वीतभर. या वीतभराच्या जोरावर खोदाकरम जन्मभर मोठेपणा मिरवत राहिला.

त्याची परीक्षा ठरलेली. बंदूक दस्त्यावर उभी करायची आणि अंगाला लावून मोजायची. "तोंड काळजाला लागलं तर मर्दाची बर्नो," तो सांगायचा, "आणि बेंबीपाशी थांबलं तर ताक घुसळायचं लाकूड. घरी न्या आणि बायकोला द्या."

लोक हसायचे आणि लांब बर्नो घ्यायचे. खोदाकरम अंगाने बुटका, त्यामुळे लांब बर्नो त्याच्या काळजाला बरोबर टेकायची. उंच माणसं बिचारी गुडघे वाकवून माप जुळवून घ्यायची. एवढी मोठी, मिशाळ माणसं बंदुकीपुढे वाकून उभी आहेत आणि कुणालाच त्यात काही खटकत नाही, हे नारगुल लांबून बघायची. ती त्याची बायको.

"बंदुकीचं तोंड आपल्याच काळजाला लावून माप घेणारा शहाणा तुझ्याशिवाय दुसरा नसेल," ती त्याला म्हणायची.

"तुला नळीतलं काय कळतंय गं?"

"मला एवढं कळतंय की दारातून आत येताना तू आडवा होतोस, कारण ती तुझ्या पाठीवरून उतरत नाही."

खोदाकरमचं खरं शिकारीचं रान म्हणजे लग्नं. ढोल-सनई सुरू झाली की तो लांब बर्नो खांद्यावर टाकून नाचायला उतरायचा आणि मधूनच नळी वर करून बार काढायचा. आभाळावर त्याचा नेम कधी चुकला नाही.

नारगुलचा भाऊ अलियार मात्र आखूड बर्नो बाळगायचा. तो उंच, सडपातळ आणि कमी बोलणारा. खोदाकरम त्याला भरल्या बैठकीत विचारायचा, "काय मेहुणे, आज ताक किती घुसळलं?" अलियार हसून पेला ओठाला लावायचा. एकदाच त्याने उत्तर दिलं होतं. "कड्यावर बसलास आणि समोर दरी मोकळी असली, तर तुझीच नळी बरी. गोळीला वेग येतो, लांबवर सरळ जाते. पण झाडीत जनावर हाताच्या अंतरावर येतं. तिथे गोळी किती लांब जाते याला कोण विचारतो? बंदूक वळायला हवी."

"जनावर माझी नळी बघूनच वळेल," खोदाकरम म्हणाला. बैठक हसली. अशा वाक्यांवर बैठक नेहमीच हसते. म्हणून तर असली माणसं पोसली जातात.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी त्यांच्या जवाच्या शेतात रानडुकरं शिरली. शेत म्हणजे बलूतांच्या दाट झाडीखालची एक चिंचोळी पट्टी. आदल्या साली अर्धं पीक डुकरांनी उकरलं होतं. याही वेळी गेलं असतं तर शेळ्या विकून खाली अहवाझ शहरात जावं लागलं असतं, वीटभट्टीवर. नारगुलची थोरली बहीण तशीच गेली होती. एकदा सणाला आली तेव्हा तिचे हात बघून नारगुलने तोंड फिरवलं होतं. आपल्याला हा डोंगर सोडायचा नाही, एवढं एकच नारगुलने मनात घट्ट धरलं होतं.

"गागूची बंदूक मागून आण," ती म्हणाली. गागू म्हणजे भाऊ. "एका संध्याकाळपुरती."

"माझं शेत आणि बंदूक मेहुण्याची? त्यापेक्षा मिशी काढून तुझ्या हातावर ठेवतो."

"ठेव. मिशी काही जव खात नाही."

पण तो गेला लांब बर्नो घेऊनच. पहिल्या संध्याकाळी फांद्या रचून आडोसा केला आणि आत बसला; नळीचं तोंड आडोशाबाहेर राहिलं. डुकराने ते पाहिलं आणि सरळ दुसऱ्या टोकाकडून शेतात उतरलं. दुसऱ्या संध्याकाळी डुक्कर डाव्या हाताला आलं, खोदाकरम वळला, नळी फांदीत अडकली, तिला सोडवेपर्यंत डुकराने खाऊन घेतलं. घरी येऊन तो म्हणाला, "झाडी फार वाढलीय."

"झाडी वाढलीय!" नारगुलने भाकरीचं पीठ परातीत आपटलं. "नळी कापशील की जंगल कापशील?"

नळी कापायची हा शब्द ऐकून तो असा पांढरा पडला, की जणू त्याच्या नरड्यावर कुणी सुरी ठेवली. त्या रात्री तो जेवला नाही.

सकाळी नारगुल भावाकडे गेली. अलियार तापाने अंथरुणात होता. कोपऱ्यात टेकवलेली आखूड बर्नो तिने उचलली, तेव्हा त्याने काही विचारलं नाही. लहानपणी बापाने दोघांना बरोबरच नेम शिकवला होता आणि दोघांत नेम कुणाचा चांगला, हे अलियारला ठाऊक होतं.

"दस्ता खांद्यात घट्ट रुतव ददू," तो एवढंच म्हणाला. ददू म्हणजे बहीण. "आखूड नळी आहे, लाथ मोठी मारते."

तिसऱ्या संध्याकाळी उजेड असतानाच ती नवऱ्याच्या मागून झाडीत शिरली आणि त्याला न सांगता वरच्या बाजूला एका बुंध्याआड बसली. डुक्कर आलं, एकटं, नर, सुळेवालं. खोदाकरमने घाईत बार काढला. गोळी मातीत. डुक्कर थांबलं, त्याने डोकं वळवलं आणि ते खोदाकरमवरच धावलं. खोदाकरमने दुसरं काडतूस चढवलं, नळी फिरवली, आणि व्हायचं तेच झालं. दोन फांद्यांच्या बेचक्यात नळी अशी बसली की ना पुढे ना मागे. दुसरा कुणीही बंदूक टाकून झाडावर चढला असता. हा मर्द तिला दोन्ही हातांनी ओढत उभा राहिला, जत्रेत हट्टी गाढव ओढावं तसा.

नारगुल वळली. बुंध्याला न लागता, फांदीला न लागता आखूड नळी तिच्याबरोबर वळली. बार झाला. डुक्कर खोदाकरमच्या पायापाशी येऊन आडवं झालं.

खोदाकरमने वर वळून तिला पाहिलं, घाम पुसला आणि तो म्हणाला, "बघितलंस? नळी बघून जरा थबकलंच ते."

नारगुलच्या तोंडात जे जे आलं ते सगळं त्याला ऐकवण्याची तिची फार इच्छा झाली. त्या माणसाचा तिला असा तिटकारा आला, की दुसरी गोळी नळीत नाही हे बरंच झालं. पण खालून बाराचा आवाज ऐकून लोक वर येत होते. बायकोने वाचवलं हे कळलं, तर हा माणूस पुन्हा बैठकीत बसणार नाही. तोंड लपवायला आठ दिवसांत शेळ्या विकून अहवाझची वाट धरेल, आणि तिलाही न्यायला चुकणार नाही. डुकरापासून वाचवलेलं शेत नवऱ्याच्या लाजेपायी गेलं असतं. तिने आखूड बर्नो चादरीखाली घेतली आणि ती वरच्या वाटेने निघून गेली.

काडतूस तेच, त्यामुळे जखमेवरून कुणाला काही कळलं नाही. हराम जनावर, मांसाला कुणी हात लावला नाही; लोकांनी ते घळीत लोटलं. त्या दिवसापासून खोदाकरमला नवी गोष्ट मिळाली. डुक्कर आधी गाढवाएवढं होतं, पुढे खेचराएवढं झालं. "आखूड नळी असती तर आज मी इथे नसतो," असं तो दर वेळी शेवटी सांगायचा. नारगुल चहा ओतत असायची. तिचा उजवा खांदा दस्त्याच्या लाथेने काळानिळा झाला होता, ताक घुसळायची मशक हलवताना कळ यायची. बायकांनी विचारलं तर ती पडले म्हणायची. घरी मात्र खोदाकरम मेंढीच्या शेपटीची चरबी गरम करून त्या खांद्यावर चोळायचा, एक शब्द न बोलता. चारचौघांत त्यानेही ती पडली असंच सांगितलं.

पण शेत राहिलं. डोंगर राहिला. ती वीटभट्टीवर गेली नाही.

खोदाकरम म्हातारा होऊन अंथरुणात गेला. शेवटच्या दिवसांतही लांब बर्नो उशाशी होती आणि येणारे-जाणारे तिला अडखळत होते. रिवाजाप्रमाणे नारगुलने वेणी कापून कबरीवर ठेवली. वर्ष भरायच्या आत दगड बसवायचा होता. पुरुषाच्या दगडावर बंदूक कोरतात, बाईच्या दगडावर कंगवा. दगड कोरणारा उस्ता नजफ खडू घेऊन बसला. सगळी बैठक कबरस्तानात जमली होती. अलियारही काठी टेकत आला होता.

"बीबी, नळी किती लांब काढू?" उस्ताने विचारलं.

"दगड पुरेल तेवढी काढ," नारगुल म्हणाली. "आयुष्यभर हौस होती त्याला. आणि इथे फांदी आडवी यायची नाही."

लोक डोळे पुसता पुसता हसले. कुणीतरी रानडुकराची गोष्ट काढली, खेचराएवढ्या. नारगुलने ती पूर्ण होऊ दिली. मग ती अलियारकडे वळली. अलियार खाली बघत होता, पण त्याच्या मिशीखाली हसू होतं.

"उस्ता," ती म्हणाली, "माझा दगडही तुलाच कोरायचाय. आताच सांगून ठेवते, मग कुणी विसरायला नको. कंगवा काढ, आणि कंगव्याशेजारी बर्नो काढ."

"बाईच्या दगडावर बर्नो?" उस्ताचा खडू हातातच राहिला.

"आखूड," नारगुल म्हणाली. "बेंबीपर्यंत येते ना, ती. का, ते या सगळ्यांना गागू सांगेल."