मुक्या खोलीतला हात

आमच्या अभ्यासाच्या खोलीत फक्त हात दिसायचे. खोली म्हणजे मोबाइलवरचा व्हिडिओ कॉल. बँकेच्या परीक्षेची तयारी करणारे आम्ही सहा-सात जण आपापल्या घरून रोज दुपारी तिथं बसायचो. कॅमेरा वहीवर, माइक बंद आणि मोबाइलचा आवाजही बंद. हा नियम खोली चालवणाऱ्या बिलासपूरच्या एका दादाचा. बोलला तो बाहेर, कायमचा. आम्ही एकमेकांना ओळखायचो ते हातांवरून; नंबर सगळ्यांचे फक्त दादाकडे.

मला ती खोली हवीच होती. घरी बसून ऑनलाइन शिकणं काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. सर टक्केवारी शिकवताहेत आणि आपण भलत्याच कुणाच्या लग्नाचे फोटो बघतोय. अशानंच मी गेल्या वर्षी आपटले होते. बाबा काही बोलले नाहीत, पण रायपूरच्या बूढ़ापाऱ्यातल्या आमच्या गल्लीला बोलायला बाबांची परवानगी लागत नाही. दुसऱ्यांचे हात लिहिताना दिसले की शरमेनं का होईना, माझाही चालायचा. ही खोली सुटली तर आपण संपलो, अशी धास्तीच बसली होती मला.

त्यात एका मुलीचा हात माझ्या आवडीचा. मनगटाला काळा दोरा, आणि गणित अडलं की पेन अंगठ्याभोवती फिरवायची सवय. अभ्यासानंतर लिहून गप्पा मारायची मुभा होती, त्यात कळलं की ती मराठीच, डोंगरगडची, आणि इथं समता कॉलोनीत भाड्याच्या खोलीत एकटी राहते.

नौतपा लागला होता, मेअखेरचे आगीचे नऊ दिवस. त्या दिवसांत रायपूरमध्ये दुपारी कुत्रंसुद्धा नालीतून बाहेर येत नाही. मी व्याजाची गणितं सोडवत होते. मान वर केली तर तिचा हात वहीवर उताणा पडलेला. पेन सुटलं होतं. एरवी पंख्यानं तिची पानं फडफडायची, तीही गप्प. मला वाटलं, नेट अडकलं असेल. आणि तेवढ्यात एक माशी आली, तिच्या तळहातावर बसली, बोटापर्यंत चालत गेली आणि परत आली. हात हलला नाही.

बाकीच्या चौकटींत बघितलं, तर सगळे हात लिहीत होते. कुणी पान उलटलं, कुणी पट्टीनं रेघ मारली. शिस्त म्हणून ज्या हातांचं मला कौतुक होतं, त्यांचीच मला भीती वाटली. झोपली असेल, मी स्वतःला म्हटलं. पण झोपलेल्या माणसाच्या हातावरची माशी अशी फिरते का?

मी माइक उघडला. “अगं, ऊठ ना! काळ्या दोऱ्यावाली, ऊठ!”

कुणी लिहायचं थांबलं नाही. थांबणार कसं, सगळ्यांचा आवाज बंद! माझ्या चौकटीभोवती तेवढी, कुणी बोललं की येते ती हिरवी रेघ उमटली. दादानं ती पाहिली आणि माझा माइक बंद केला. मी पुन्हा उघडला, जिवाच्या आकांतानं ओरडले. त्यानं मला खोलीबाहेर काढलं.

आई स्वयंपाकघरातून धावत आली. “काय झालं वो? काहून ओरडून राहिली?”

“आई, एक पोट्टी हालूनच नाही राहिली!”

“कोण पोट्टी? कुठं?”

मोबाइलवर आता काहीच नव्हतं. दादाला फोन लावला, तो उचलेना. पुन्हा लावला, पुन्हा. आई म्हणाली, “चाल, आपण जाऊन पाहू.” मी चपलाही घातल्या. पण समता कॉलोनीत कुठं जाणार? मला तिचं घर माहीत नव्हतं, नाव माहीत नव्हतं, चेहराही नव्हता. माहीत होता तो एक हात. मी चपला घालून दारातच बसले आणि रडले. ती मेली असेल आणि ते बघणारी मी एकटीच असेन, एवढंच डोक्यात फिरत होतं.

संध्याकाळी अनोळखी नंबरावरून फोन आला. आवाज खोल गेलेला.

“दीदी, मी... दोऱ्यावाली. दवाखान्यातून बोलून राहिली. दादानं नंबर दिला तुमचा.”

ती सांगत गेली. वीज गेली, पंखा बंद पडला, सकाळपासून पोटात काही नव्हतं, मग डोळ्यांपुढं अंधारी आली. घरमालकीण अंगणात बडी, म्हणजे उडदाचे सांडगे, वाळत घालत होती. कोण ओरडतंय म्हणून तिनं खिडकीतून हाक मारली, “कोन चिल्लावत हे?” उत्तर आलं नाही म्हणून ती आत आली.

“पण तिले ऐकू कसं गेलं?” मी विचारलं. “आवाज तं बंद असते ना आपला?”

“मी बंद नाही करत, दीदी. रोज चालूच ठेवते. दादाले नका सांगू. एकटीले लई भेव लागते इथं. कोणी बोलत नाही, मालूम आहे मले. पण बोललंच कोणी तर...”

दुसऱ्या दिवशी दादानं मला खोलीत परत घेतलं. काळ्या दोऱ्याची चौकट रिकामी होती. सगळे हात लिहायला लागले. मीही वही उघडली, माइक बंद केला आणि मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवून ठेवला.