ओट्याखालचा व्हॉल्व्ह

माझा मामा कुणाचंही ऐकत नाही, फक्त होडीचं ऐकतो. होडी एकतीस वर्षांची, मामा सत्तरीला टेकलेला, आणि सकाळी सुरू होताना दोघंही सारखेच कण्हतात. मामी होडीला सवत म्हणते. एकतीस वर्षांत तिने होडीवर पाऊल ठेवलेलं नाही.

त्या मंगळवारी मामा काखेत एक गाठोडं घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "स्कूटर काढ." शाळेला सुट्टी लागली हे मीच त्याला सांगितलं होतं, म्हणजे चूक माझीच. गाठोडं मामीच्या जुन्या परकराचं होतं. आत एक पितळी व्हॉल्व्ह, मधोमध तडकलेला.

होडीच्या तळाला एक भोक असतं. इंजिन थंड ठेवायला त्यातून समुद्राचं पाणी आत घेतात आणि नको तेव्हा ते या व्हॉल्व्हने बंद करतात. व्हॉल्व्ह गेला की समुद्र आत, म्हणून होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली होती. शनिवारी तपासनीस येणार होता. व्हॉल्व्ह नाही तर परवाना नाही, आणि परवाना नाही तर होडी मोडीत, कारण दोन्ही मुलांनी फोनवर सांगून टाकलं होतं, "बाबा, आता पुरे." मोडवाल्याशी त्यांचं बोलणंही झालं होतं. हे सांगताना मामा माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होता. मला त्याची फार काळजी वाटली. म्हणून गेले, नाहीतर माझ्याकडे तपासायचे पेपर कमी नव्हते.

मामाची खोड अशी की दुकानात गेल्यावर काय हवंय ते तो सांगत नाही. गाठोडं काउंटरवर ठेवतो, सोडतो आणि म्हणतो, "ओळखा." पहिल्या दुकानदाराने ओळखलं, नवा व्हॉल्व्ह आणून आटे जुळतात का पाहिलं. दीड फेऱ्यांत अडकला.

"काका, हे आटे आता कुणी पाडत नाही."

"म्हणजे आता कुणाला येत नाहीत," मामा म्हणाला, आणि आम्ही बाहेर पडलो.

दुसऱ्याने प्लास्टिकचा दाखवला. मामाने त्याला शांतपणे विचारलं, "तुम्हाला पोहता येतं का?" तिसरा बिचारा सरळ माणूस होता. तो म्हणाला, पाइपच बदलून टाका. पाइप काढायचा तर तळाची फळी फुटते, हे त्याला कुठून ठाऊक असणार? बायको बदला म्हटल्यासारखं मामाने त्याच्याकडे पाहिलं. लेथवाला मात्र तयार झाला. "अगदी असाच करून देतो. तीन आठवडे लागतील."

गुरुवारपर्यंत नऊ दुकानं झाली. त्यांतल्या सात ठिकाणी मला आता नळ घ्यायलाही जाता येणार नाही.

शुक्रवारी कुणीतरी एका म्हाताऱ्या प्लंबरचं घर सांगितलं. त्याला जवळजवळ दिसत नव्हतं. मामाने गाठोडं सोडलं, "ओळखा." म्हाताऱ्याने आट्यांवरून अंगठा फिरवला, परत फिरवला.

"असे आटे जन्मात एकदाच हाताला लागलेत. एका घरी ओट्याखाली होता. मी बदलायला गेलो तर मालक अंगावर धावून आला. म्हणे, हात लावू नका, होडीचा माल आहे, तुमच्या नळांसारखा गळका नाही. होडीचा माल घरात कोण बसवतो?"

"कोण होता तो गाढव?" मामाने विचारलं.

म्हाताऱ्याने मान आवाजाच्या दिशेने वळवली. "नाव आठवत नाही. आवाज मात्र हाच होता."

परतताना मामाला सगळं आठवलं. त्याने तुटक तुटक सांगितलं. होडी बांधणाऱ्या मिस्त्रीने एक जादा व्हॉल्व्ह आणि पाइपाचे तुकडे दिले होते. त्याच वर्षी घराचं नळाचं काम निघालं. बाजारातल्या मालावर मामाचा विश्वास नाही. बसवला आणि विसरला.

मामी भाजी चिरत होती. मामा बॅटरी घेऊन थेट ओट्याखाली शिरला. व्हॉल्व्ह तिथेच होता, पुसून पुसून लख्ख झालेला.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," मामी मान वर न करता म्हणाली.

मी भडकले. चार दिवस माझ्या स्कूटरची वाट लागली होती. "मामी, तुला माहीत होतं? मग मंगळवारीच का नाही सांगितलंस?"

"बाहेर मिळतोय का बघत होते. या घरात न गळणारी एवढी एकच वस्तू आहे गं."

मामा ओट्याखालून बाहेर आला आणि तसाच जमिनीवर बसला. "राहू दे," तो म्हणाला. "तुझा आहे तो. पोरांना सांगतो, न्या होडी." मामाने माघार घेतलेली मी कधी पाहिली नव्हती. मला रडू येईल असं वाटलं.

मामीने त्या व्हॉल्व्हच्या पाण्यात शेवटचे हात धुतले आणि वरच्या टाकीचं पाणी बंद करून आली. ते मामाला सुचलंच नसतं. "पाना द्या इकडे," ती म्हणाली. "होडी मोडीत गेली तर तुम्ही दिवसभर घरात. त्यापेक्षा मला सवत परवडली."

शनिवारी तपासनिसाने व्हॉल्व्ह तीनदा उघडला, तीनदा बंद केला. "इतका जुना आणि इतका स्वच्छ?"

"रोज पुसतात," मामा म्हणाला. कोण पुसतं ते सांगितलं नाही.

सोमवारी होडी निघायची होती. घरात ओट्याखाली पाइपासकट नवा चकचकीत व्हॉल्व्ह बसला होता आणि त्याच्याखाली मामीने पातेलं ठेवलं होतं. मी धक्क्यावर पोहोचले तर मामी आधीच आलेली. तिने माझा खांदा धरला आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा होडीवर पाय ठेवला. इंजिनापाशी खाली उतरली, गुडघ्यांवर बसली, व्हॉल्व्ह बंद केला, उघडला, पदराने पुसला.

"रोज पुसायचा," ती मामाला म्हणाली. "माझा आहे. घेऊन परत यायचं."

"बरं," मामा म्हणाला, आणि तिला हात धरून वर चढवलं.