घाटासाठी बदललेलं स्टिअरिंग

दुसरी मोठी लढाई संपल्यानंतरच्या एका पौषात माझ्या थोरल्या भावाने आपल्या जुन्या मोटारीचं स्टिअरिंग बदललं. मी तेव्हा मुंबईला एका वर्तमानपत्रात बातम्या लिहीत असे आणि सुट्टीला कर्जतजवळच्या आमच्या गावी आलो होतो.

मोटार लढाईच्या बरीच आधीची. तिचं स्टिअरिंग जड होतं आणि ढिलंही. चाक फिरवलं तरी गाडी क्षणभर आपल्याच विचारात सरळ जाई, मग वळे. आदल्या वर्षी गाडी सुरू करायला हँडल मारताना ते उलटं फिरलं आणि दादाचं उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, जोर परत आला नाही. अशात मुंबईच्या मोटारवाल्या मंडळींनी खोपोलीहून खंडाळ्यापर्यंत घाट चढण्याची शर्यत ठरवली. वेगाची नव्हे, वाटेत कुठेही न थांबता चढण्याची. दादाने नाव दिलं आणि जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, की घाट आपल्या हाताने चढवता आला नाही तर मोटार विकून टाकीन.

वहिनीने भात वाढता वाढता विचारलं, "कोणत्या हाताने?"

उपाय चौक गावच्या गॅरेजवाल्या मिस्त्रीने काढला. लष्कराने मोडीत काढलेल्या अमेरिकन गाड्या तेव्हा कल्याणकडे रांगांनी उभ्या होत्या. त्यातल्या एका ट्रकचं स्टिअरिंग त्याने आणलं. बोटाने फिरावं इतकं ते हलकं होतं. पण अमेरिकन गाड्यांचं चाक डाव्या बाजूला असतं, म्हणून मिस्त्रीने त्याची दातेऱ्यांची पेटी उलटी करून उजवीकडे बसवली. पुढची चाकं ठोकळ्यांवर उचललेली होती. दादा आत बसला, मिस्त्री मोटारीकडे तोंड करून समोर उभा राहिला, मी त्याच्या शेजारी.

"डावं घ्या, दादा."

दादाने डावीकडे फिरवलं.

"डावं. आता उजवं. हां, बरोबर हाय."

समोर उभ्या माणसाचं डावं ते आत बसलेल्याचं उजवं, हे आम्हा तिघांपैकी कोणाच्याही ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजमागच्या कापणी झालेल्या शेतात मोटार उतरवली. धुकं गुडघ्याएवढं साचलं होतं, आणि त्याच्या वर इर्शाळगडाचं टोक तेवढं तरंगत होतं. दादाने बांध चुकवायला चाक डावीकडे घेतलं. मोटार उजवीकडे गेली. त्याने आणखी डावीकडे घेतलं, ती आणखी उजवीकडे. मग तो बहुधा गोंधळला नाही, नुसता थक्क झाला असावा. कारण पुढे बराच वेळ ती मोटार धुक्यात हळूहळू मोठी वेटोळी घेत राहिली. चाकं दिसत नव्हती. धसकटं चिरडल्याचा आवाज तेवढा येत होता. झोपेत चालणाऱ्या माणसासारखी ती पेंढ्याच्या उडवीशी गेली आणि उडवीत नाक खुपसून थांबली.

उडवीपाशी एक शेतकरी विडी ओढत बसला होता. तो उठलाही नाही. मिस्त्रीला म्हणाला, "आमचा बैल बी ऐकत नाय. पन डावीकडं हाकला तं उजवीकडं नाय जात रं."

"तुझ्या बैलाला अमेरिका दाखव, मंग बोल," मिस्त्री म्हणाला.

पेटीतून खाली लोंबणारा दांडा पुढची चाकं ओढतो. तोच दांडा वर उभा केला तर ओढ उलटते, हे मिस्त्रीने चहा पिताना जमिनीवर काडीने काढून पाहिलं. दांडा वर घेतला आणि त्याला वाट देण्यासाठी मडगार्ड कापलं. मोटार आता सांगू तिकडे जाऊ लागली. हलकेपणाची किंमत निराळी होती: तेवढंच वळण घ्यायला चाक पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त फिरवावं लागे.

शर्यतीच्या दिवशी वहिनी दादाशेजारी बसली, मी मागे. खोपोली सोडल्यावर धुकं गाडीबरोबर चढू लागलं. दरी दिसत नव्हती, त्यामुळे उंचीही जाणवत नव्हती. सोपी वळणं दादाने सहज घेतली. मग एक अगदी आखूड वळण आलं. डावा हात चाक भराभर ओढत होता, पण उजवा ते धरून ठेवू शकत नव्हता. मोटार वळत होती आणि कठडा त्याहून लवकर जवळ येत होता. थांबलं तर शर्यत संपली. वहिनीने हात पुढे केला आणि चाक खाली ओढलं. बांगड्या चाकावर वाजल्या. पुढच्या वळणावर तसंच झालं, त्याच्या पुढच्याही.

खंडाळ्याला मोटार न थांबता पोचली. दादाने इंजिन बंद केलं.

"माझ्या हाताने नाही झालं," तो म्हणाला. "बोललो तशी विकायला हवी."

"तुम्ही तुमची निम्मी विका," वहिनी म्हणाली. "माझी मी ठेवणार आहे."

दादा हसला नाही. पण विकण्याचं पुन्हा बोललाही नाही.

उतरताना धुकं अजून होतंच. वळण जवळ आलं, की तो नुसता "हं" म्हणे, आणि ती हात पुढे करी.