सोळा जोड्या हात

शिवणवर्गाच्या मास्तरीणबाईंचं तोंड भलतंच फटकळ, पण शिकवताना त्या ते क्वचितच उघडत. वर्ग फोनवर भरायला लागला तेव्हा सुनेने त्यांचा फोन मशीनच्या दिव्याला इलॅस्टिकने बांधून दिला आणि पहिल्याच दिवशी बाईंनी फर्मान काढलं: कुणी चेहरा दाखवायचा नाही, कॅमेरा हातांवर ठेवायचा. सोळा चौकटींत सोळा जोड्या हात. बाई गप्प बसून बघत. कुणाचं चुकलं की एवढंच म्हणत, "उसव."

संस्थेच्या साहेबांनी एकदा वर्गात डोकावलं आणि त्यांचं डोकंच फिरलं. वीस मिनिटांत सहा शब्द बोलणं, याला काय शिकवणं म्हणायचं? त्यांनी बाईंकडून शर्टाचा धडा चित्रित करून घेतला, सगळ्यांना पाठवला आणि कळवलं, की पुढच्या महिन्यापासून बायका असे व्हिडिओ बघूनच शिकतील, वर्ग बंद. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं त्यांनी हात घडवले होते, आणि आता साहेब बाईंनाच लोणच्यासारखं बरणीत भरून ठेवायला निघाले होते.

सोमवारी चौकटी बघता बघता बाईंनी कपाळावर हात मारला. अकरा जणींनी पुरुषी शर्टाची काजं डावीऐवजी उजव्या पट्टीवर केली होती. त्या बिचाऱ्यांनी व्हिडिओत दिसलं तसंच केलं होतं. साहेबांच्या माणसाने फोनच्या पुढच्या, सेल्फीच्या कॅमेऱ्याने चित्रण केलं होतं, त्यात आरशातल्यासारखं डाव्याचं उजवं झालं होतं.

बाईंनी त्यातला एक शर्ट मागवून घेतला, तो घेऊन थेट कचेरीत गेल्या आणि साहेबांना तो अंगात घालायला लावला. साहेब बराच वेळ बटणांशी झटापट करत राहिले. बाईंनी कारण सांगितलं तेव्हा म्हणाले, त्यात काय, चित्रण सरळ करून घेऊ, दोन मिनिटांचं काम.

"घ्या की," बाई म्हणाल्या. "पण पुढची चूक झाली की तुमचा व्हिडिओ उसव म्हणणार आहे का? वर्ग बंद होणार नाही. तुम्ही केलात तर मी माझ्या फोनवर भरवीन, सगळ्या येतील."

साहेबांनी मान खाली घालून शर्ट काढला. निर्णय घेण्याआधी उद्या वर्गात बसून बघतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सतराव्या चौकटीत साहेबांचा चेहरा उगवला. ते घसा खाकरून दोन शब्द बोलणार, तोच बाई म्हणाल्या, "तोंड नको. हात दाखवा."